ड्रॅगनचा डावा पंख

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून आवाज आला. टक्-टर्र. थोडं थांबून पुन्हा, टक्-टर्र. बंद बाटलीत एखादा छर्रा फिरावा तसा. शाहिस्ता ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती, तिचा हात देठावरच राहिला. कसबा बावड्यातल्या ह्या तिसऱ्या मजल्यावर अडीचच्या सुमाराला कसला म्हणून आवाज नसे. साखर कारखान्याचा पाळी बदलल्याचा भोंगा होऊन गेलेला, उसाच्या गाड्या खाली रस्त्याकडेला जेवायला थांबलेल्या, तिचा नवरा तोहिद कामावर, आणि पाच वर्षांची अल्फिया आत झोपलेली. म्हणजे झोपली असणार असं तिने धरलेलं. मळीचा गोडसर कुबट वास तेवढा खिडकीतून येत होता आणि त्याचीही नाकाला आता सवय झाली होती. कानाचं तसं नसतं. आठ वर्षांपूर्वीचा आवाज कानाने एका झटक्यात ओळखला आणि मेथीची जुडी तशीच टाकून ती आत धावली. सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा होता तो. रंग तळाशी बसू नये, बाटली हलवली की घुसळून निघावा, म्हणून तिच्या भावाने, मोहसीनने, प्रत्येक बाटलीत एकेक टाकून ठेवलेला.

खोलीत पडदा ओढलेला होता. दिवाणाच्या पोटातलं फळकूट उघडून अल्फिया फरशीवर बसली होती, पुढ्यात बुटांचं खोकं, त्याची सुतळी ओढून बाजूला टाकलेली. निळी बाटली कानाशी धरून ती हलवत होती. "अम्मी, ह्यात कायतरी जित्तं हाय!" म्हणत ती उठली आणि बाटली दाखवायला धावत आली. वाटेत पाण्याचा तांब्या होता. अगदी वाटेतही नव्हे, जरा बाजूला. घासून लख्ख केलेला स्टीलचा तांब्या, पडद्याच्या काळोखातही चमकणारा. अल्फियाचा पाय सरळ त्याला लागला. तांब्या लवंडला, गडगडत भिंतीला लागला, पाणी दिवाणाखाली धावलं, खोकं भिजणार म्हणून शाहिस्ता वाकली आणि वाकता वाकता तिच्या तोंडून निघून गेलं, "आंधळी हाईस काय गं?"

वाक्य काही मोठं नव्हतं. कोल्हापुरात ते दिवसातून शंभरदा कानावर पडतं. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, पावणं, आंधळं हाय काय, असं म्हणून माणसं आपापल्या वाटेने जातात. अल्फियाही हसली, ओल्या पायांचे ठसे उमटवत स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून ओरडली की बाटलीतल्याला भूक लागलीय. शाहिस्ता मात्र हातात फडकं घेऊन उकिडवी बसून राहिली. आपण आत्ता हे बोललोच नाही असं तिला वाटत होतं. ते वाक्य ह्या खोक्यातच दाबून ठेवलेलं होतं आणि झाकण निघालं तसं आपसूक बाहेर आलं. पाणी फडक्यात येईना. ती पिळत होती, पुसत होती, आणि पुन्हा पुन्हा त्या तांब्याकडे बघत होती. इथे होता. पोरगी तिथून आली. मधे काहीच नव्हतं.

खोक्यात तेरा जण होते. अंगठ्याएवढे, प्लास्टिकचे, कुऱ्हाडवाला बुटका, दोन चेटकिणी, सुळे बाहेर आलेले राक्षस, हरणाची शिंगं डोक्यावर घेतलेला म्हातारा, चिलखतातले शिपाई. आणि ह्या तेरांशिवाय, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला, तळहातभर पंखांचा ड्रॅगन. मोहसीन पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा खोलीतल्या पोरांबरोबर एक खेळ खेळायचा. फासे टाकायचे, समोर गुहा आहे असं समजायचं, आणि त्या गुहेतून ही चिमुकली माणसं चालवायची. खेळ शाहिस्ताला कधी कळला नाही. पण एका सुट्टीत तो सदर बाजारातल्या घरी ती पुडकी घेऊन आला, करड्या प्लास्टिकच्या जाळीत अडकलेले सुटे हात, सुटी मुंडकी, सुटे पंख, आणि म्हणाला, "शाई, हे कापायचं, चिकटवायचं आणि रंगवायचं असतंय. कापायचं-चिकटवायचं माझ्याकडं. रंगवायचं तू बघ." तिला शाई एकटा तोच म्हणायचा.

रंग तर घरातलाच होता. त्यांचे वडील शमशुद्दीन पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, तालमींच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे राहिले ते राहिलेच. त्यातला सगळ्यात बारका ब्रश शाहिस्ताने ब्लेडने कापून चार केसांवर आणला. अम्मीला, लालबीला, हे पसंत नव्हतं. घरात बोलणं दखनीत चाले, भांडायला मात्र सगळ्यांना मराठीच लागे, पण त्या दिवशी अम्मी दखनीतच ओरडली, "ये बुतां मेरे घर में नको!" शेजारच्या धोंडुबाईंनी भिंतीपलीकडून ते बुतां, म्हणजे मूर्ती, भुतं असं ऐकलं आणि लिंबू-मिरची घेऊन धावत आल्या. "कुठं हायत गं लालबी, भुतं?" अब्बा हसून हसून खोकले. म्हणाले, "लालबे, आख्ख्या कोल्हापूरचे देव मी ट्रकांवर काढले, तवा फरिश्ते काय घर सोडून गेले? पोरं बसल्यात कोपऱ्यात, बसू दे की." तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, बारकी भुतं. नमाजाच्या खोलीत न्यायची नाहीत एवढ्या अटीवर ती राहिली.

त्या दोन वर्षांतल्या सुट्ट्या आठवल्या की शाहिस्ताला आधी रंगाचा वास येतो, मग भैयाच्या कोपराचा ऊबदारपणा. दोघं एका पाटावर बसत. ती चिलखताच्या खाचांत पातळ काळा रंग सोडायची, तो आपोआप खोलगट जागी जाऊन बसायचा आणि उंचवटे उजळायचे. अर्धा तास श्वास धरून बसलेली पोरगी मग सुस्कारा टाकायची. डोळे काढायचं काम भैयाचं. मोहरीएवढ्या तोंडावर सुईच्या टोकाने पांढरा ठिपका, त्यात काळं टिंब. ते काम त्याच्याइतकं कुणाला जमत नसे, अब्बांनाही नाही. अब्बांना त्याचं कौतुक होतं आणि रागही होता, कारण पाटीवर त्याचा हात चालत नसे. एकेक अक्षर असं काढायचा की बघत राहावं, पण ओळ चुकायची. 'किराणा' एवढा ऐसपैस काढायचा की 'भुसार'ला जागाच उरायची नाही, शेवटचा 'र' पाटीच्या कडेवर आपटायचा. "मुडद्या, अक्षराकडं काय बघतोस? अक्षर हात काढतोय. नजर बाजूच्या जागेवर ठिवायची!" अब्बा ब्रशच्या दांड्याने त्याच्या पाठीत मारायचे. हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा होता. शाहिस्ताला तो न शिकवता येत होता. भैयाला मारून आला नाही. अब्बा म्हणायचे, लक्ष नाही कार्ट्याचं. अम्मी म्हणायची, पुण्याने बिघडवलं. शाहिस्ता म्हणायची, भैया धसमुसळाच आहे. तो पाण्याचा गलास सांडायचा, जेवताना बाजूला बसलेल्याच्या ताटात हात घालायचा, अंगणातल्या सायकलीला रोज धडकायचा, आणि रोज सायकलीलाच शिव्या द्यायचा.

ड्रॅगनला चार महिने लागले होते. पंखाच्या मुळाशी गडद लाल, मग शेंदरी, मग हळदीसारखा पिवळा, आणि कडेला जवळजवळ पांढरा. उन्हाकडे धरलेल्या पानासारखा तो पंख आतून पेटलेला दिसायला हवा होता. कॉलेजातून आलं की रोज तासभर. उजवा पंख झाला, डावाही होत आला. शाहिस्ताला आयुष्यात एवढी चांगली गोष्ट पुन्हा करता आली नाही. अल्फिया झाली, पण अल्फिया काही तिने केली असं म्हणता येणार नाही. त्या संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला भैया तिच्या डाव्या हाताला येऊन बसला आणि सुपारी घ्यायला त्याने हात लांबवला. पातळ काळ्या रंगाची बाटली उघडी होती. त्याच्या मनगटाच्या बाजूलाच होती. बाटली आडवी झाली, आतला छर्रा टणकन पाटावर पडला, आणि काळं पाणी डाव्या पंखावरून संथपणे, सगळ्या शिरा भरत, मुळापर्यंत उतरलं. "आंधळा हाईस काय रं?" ती किंचाळली. मग थांबलीच नाही. "डोळं फुटल्यात काय तुझं? कशात बघून चालत न्हाईस, कशात बघून बसत न्हाईस, जन्माचा आंधळा!" भैयाने मान पूर्ण वळवली, कोंबडी वळवते तशी, सांडलेल्या बाटलीकडे बघितलं आणि विचारलं, "ही इथं कवा ठेवलीस?"

ती आधीपासून तिथेच होती. पण हे त्याला तिने सांगितलं नाही, कारण त्याने चिडवायला विचारलं असं तिला वाटलं. खोकं बंद झालं. तीन महिन्यांनी दिवेलागणीला त्याची गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीत घुसली. ट्रॉली उसाने भरलेली, घराएवढी. ती मला दिसली नाही, असं तो जखमी तोंडाने सांगत होता आणि बघायला आलेले एकमेकांकडे बघत होते. पायाच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं, मिरजेला.

त्या दवाखान्यातली एक गोष्ट शाहिस्ताने कुणालाही सांगितलेली नाही. आधी अम्मीला आत बोलावलं, शाहिस्ता तिच्याबरोबर गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं का?" अम्मी खुर्चीत सरसावून बसली. तिचा चेहरा लग्नमंडपात स्थळाची चौकशी झाल्यासारखा उजळला. "व्हय की! सख्ख्या मामूचा मुलगा. आमच्यात बाहेरचं न्हाय चालत." बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. बाहेर येऊन अम्मी अब्बांना म्हणाली, "चांगलं घराणं म्हणून बाईनं लिवून घेतलं बघा." मग बाईंनी शाहिस्ताला एकटीला बोलावलं, शिकलेली दिसते म्हणून. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, म्हणाल्या. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं. नळीतून बघावं तसं होत जातं, नळी बारीक होत जाते. औषध नाही. घराण्यातून येतो, आणि नात्यात लग्नं होत गेली की यायची शक्यता वाढते. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तुमचं लग्न ठरलंय?"

"व्हय."

"नात्यात?"

तोहिद म्हणजे चंदगडच्या मामूचा मुलगा. सोळाव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाहिस्ता मामूकडे गेली होती तेव्हा काजूच्या बोंडांच्या रसाने तिच्या पांढऱ्या ओढणीवर डाग पडला, हा डाग जात नसतो म्हणून सगळ्या बायका हळहळल्या आणि तोहिद म्हणाला, "मग आमचीच झाली की ओढणी." तेव्हापासून एसटीने येताना तो काजूची पिशवी आणायचा आणि ती अम्मीच्या हातात देताना बघायचा मात्र शाहिस्ताकडे. सुपारी फुटली होती. तारीख धरली होती. शाहिस्ताने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "न्हाय. बाहेरचं स्थळ हाय."

"छान," बाई म्हणाल्या.

तांब्या लवंडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अल्फिया झोपल्यावर, शाहिस्ताने खोकं गॅलरीच्या उजेडात घेतलं. रंगवावं असं काही ठरवलं नव्हतं. रंग निम्मे दगड झाले होते. जे हलत होते त्यांत थेंब थेंब पाणी घालून तिने छर्रा घुमवला. ब्रश धुतला, ओठांत धरून त्याचं टोक केलं, तेव्हा जिभेला अब्बांच्या दुकानाची चव लागली. पहिल्या दिवशी रेघ वाकडी गेली. तिसऱ्या दिवशी गेली नाही. रोज अडीच ते चार. स्वयंपाक आवरलेला, कपडे वाळत घातलेले, दारावर कुणी येण्यासारखं नाही, अशी ती वेळ तिने कशीबशी ओढून घेतलेली; कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की जुना छंद आहे, बरं वाटतं. आणि बरं वाटतही होतं. बुटक्याच्या दाढीला एकेक केस काढताना तासच्या तास डोक्यात काही येत नसे. पण पाचव्या दिवशी अल्फिया उठून जवळ आली तेव्हा शाहिस्ताच्या ध्यानात आलं की आपण रंगवतोय ते ठिपके हळूहळू लहान करतोय. आधी ज्वारीएवढा, मग मोहरीएवढा, मग खसखशीएवढा. आणि प्रत्येक ठिपका झाला की पोरीला विचारतोय, "सांग बघू, हा कुठं बघतोय?"

दिवसभर ती अल्फियाकडे बघत होती. आंघोळ घालताना, वेणी घालताना, तिच्या मानेचा दुधाळ वास घेताना, शाळेच्या गाडीत चढवताना. बघू नये एवढं बघत होती. पोरगी हाक मारली की मान पूर्ण वळवते. सगळीच पोरं वळवतात. जिन्यात कठड्याला धरून उतरते. मग काय सोडून उतरेल? संध्याकाळी खाली खेळायला जायला नको म्हणते, अम्मी, अंधार झालाय, म्हणते, सहा वाजता, लख्ख उजेड असताना. भित्री आहे. तिची आईही भित्रीच होती. तोहिदला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो कामावरून येऊन पोरीला खांद्यावर घ्यायचा आणि खिडकीतल्या ओळीकडे बघून म्हणायचा, "आयला, ही भुतं सासरला आली व्हय! हुंड्यात न्हवती की ही." एकदा तो म्हणाला, "अल्फी सारखी धडपडतीय गं आजकाल. तिच्या मामूवर गेलीय." गमतीने म्हणाला. शाहिस्ता चपाती लाटत होती. चपातीचा नकाशा झाला.

मोहसीनचा फोन रविवारी आला. तो आता सदर बाजारातल्या घरूनच एका कंपनीसाठी गिऱ्हाइकांचे फोन घेतो. स्क्रीनवरचं मोबाईल वाचून दाखवतो आणि तो ऐकतो. दुपारी बारापर्यंत खिडकीपाशी बसलं तर समोरच्या माणसाचं नाक दिसतं, कान दिसत नाहीत, असं तो हसून सांगतो.

"भैया, खोकं घावलं."

"कुठलं?"

"बारक्या भुतांचं."

तो मोठ्याने हसला. "जित्ती हायत व्हय अजून? मला वाटलं अम्मीनं बंबात घातली."

"तेरा हायत. बुटक्याची कुऱ्हाड मोडलीय."

"ती तूच मोडलीस. आणि नाव माझ्यावर घातलंस. काय करालीस त्यांचं?"

"रंगवालोय. ही झोपली की, दुपारचं."

"आणि ड्रॅगन?"

"त्याला हात लावला न्हाय."

"लाव की. आठ वर्षं झाली, वाळला असंल आता."

ती हसली नाही. "भैया, त्या दिवशी मी तुला..."

"कुठल्या दिवशी? तू रोजच कायतरी म्हणायचीस."

"आंधळा म्हटलं."

"मग काय खोटं म्हटलंस?" तो पुन्हा हसला. मग त्याचा आवाज खाली आला. "एक सांगू, शाई? डोळ्यातलं टिंब मला कायम दिसायचं. आजबी दिसंल, आणून दे. गलासच दिसायचा न्हाय. मला खरंच वाटायचं, गलास तिथं नसतोयच. मी सांडला की तू नंतर आणून ठिवतीस, बोलणी खायला घालायला." मग त्याने विचारलं, "अल्फूला दाखवलंस?"

"कुणाला? कशाला?"

"शाहिस्ता." त्याने शाई म्हटलं नाही. "त्या दिवशी मिरजेत, डोळ्यांत थेंब घालून मला बसवलं होतं नव्हं? तुझ्या आणि माझ्यात पडदा होता. भिंत न्हवती."

तिने गॅलरीचा गज धरला. खाली उसाची गाडी वळत होती, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तिच्या डोक्यात घुसला आणि फिरत राहिला. आठ वर्षं. लग्नात हाच तिला हात धरून मांडवात घेऊन आला होता. अल्फियाच्या कानात पहिली अजान अब्बांनी दिली तेव्हा हा दाराशी उभा होता.

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलणार? तुला तोहिद आवडायचा की. अम्मीला सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं आणि तू मला जन्मभर ते ऐकवलं असतंस." तिकडून श्वास ऐकू आला. "आणि मला वाटलं, माझ्यावर आलंय म्हणजे भागलं. घराला एक पुरं झाला. डॉक्टरनं तसं सांगितलं न्हवतं, माझं मीच ठरवलं होतं. तू घेऊन जा तिला. मी येतो संगं. ती बाई काय विचारंल ते माझ्यासमोर विचारू दे."

"तिला काय न्हाय," शाहिस्ता म्हणाली. "चांगलं दिसतंय तिला. तू कशाला नाट लावतोस?"

"बरं," तो म्हणाला. "मग जाऊन यायला काय हरकत हाय?"

तिने फोन ठेवला. खरं म्हणजे जाण्याची तिला भीती नव्हती. खुर्चीत बसल्यावर बाई टोपण काढतील आणि पहिला प्रश्न विचारतील, आणि शेजारी तोहिद बसलेला असेल, आणि तो अम्मीसारखाच सरसावून, हौसेने सांगेल, सख्ख्या आत्याची मुलगी. मग बाई जुना कागद काढतील. ते तिला दिसत होतं, अगदी काचेखालच्या कॅलेंडरसकट. त्या दिवशी तिने आपल्यासाठी एक माणूस मागून घेतला होता आणि त्याच्या बदल्यात काय देऊन बसलो हे तेव्हा तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. तेव्हा अल्फिया नव्हती. खरं सांगितलं असतं तर आजही नसती, ही अल्फिया नसती. तिथे येऊन विचार अडायचा. पुढे जायला वाटच नव्हती, मागे तर नव्हतीच.

सोमवारी तिने परीक्षा घेतली. स्वतःशीच तिने तो शब्द वापरला. तेराही जण खिडकीत एका ओळीत उभे केले, भर उजेडात, आणि सगळ्यांचे डोळे नव्याने काढले. भैयाने काढायचे तसे, पांढरा ठिपका आणि आत काळं टिंब, कुणाचं टिंब डावीकडे सरकवलेलं, कुणाचं उजवीकडे, एका चेटकिणीचं आभाळाकडे. श्वास धरून धरून छातीत दुखायला लागलं. मग अल्फियाला स्टुलावर बसवलं. पोरगी नाक जवळ नेऊन एकेकाला बघू लागली. "हा माझ्याकडं बघालाय. हा दाराकडं. हिचं वर हाय. ह्या बुटक्याचा एकच डोळा मोठ्ठा झालाय अम्मी, त्याला चष्मा लागंल." एकदाही चुकली नाही. राक्षसाच्या डोळ्यात शाहिस्ताने मुद्दाम एक केसाएवढी लाल शीर सोडली होती, तीही तिने सांगितली. शाहिस्ताने तिला उचलून घेतलं, एवढी घट्ट की ती ओरडली. भैयाचं बोलणं तिला आठवत होतं, शब्द न् शब्द. तिने ते ऐकलंच नाही असं केलं. डोळ्यातलं एवढं दिसणाऱ्या पोरीला काय होणार? त्या संध्याकाळी तिने शेवयांची खीर केली, तोहिदने विचारलं आज काय, ती म्हणाली काय नाही, दूध उरलंय. रात्री तिला झोप लागली, किती दिवसांनी लागली.

आणि मंगळवारी दुपारी तिने बनियन उलगडून ड्रॅगन बाहेर काढला. उजवा पंख अजून तसाच होता, पेटलेला. डाव्यावर काळं वाळून पापुद्रे झाले होते. कापसाला स्पिरिट लावून ती एकेक शीर सोडवू लागली. वरचा थर सुटला की खालचा शेंदरी थोडा थोडा दिसायचा, काही ठिकाणी तोही काळ्याबरोबर निघून यायचा आणि करडं प्लास्टिक उघडं पडायचं. चालेल. पुन्हा देऊ. तिने बशीत लाल काढला, त्यात पाणी घातलं, पंखाच्या मुळाशी पहिला हात दिला. ओला रंग उन्हात चमकला. मान खाली, नजर ब्रशच्या टोकावर, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा मनात कुणी बोलत नव्हतं. अल्फिया उठली असावी. अनवाणी, झोपेने गाल लाल झालेली, ती गॅलरीच्या दारातून शाहिस्ताच्या डाव्या बाजूने आली, दबकत, आईला चकवायला, आणि पंखाकडे तिने एक बोट लांबवलं.

"हात लावू नको. ओलं हाय," शाहिस्ता म्हणाली. मान न उचलता.

बोट थांबलं. अल्फिया तशीच उभी राहिली. मग वाकून तिने आईच्या डोळ्यांत बघितलं, डोळ्यांपासून ब्रशच्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा डोळ्यांत बघितलं.

"अम्मी, तू तर पंखाकडं बघालीस."

"व्हय."

"मग मी कुठनं दिसले तुला?"

"दिसलीस की. अशी... बाजूनं."

अल्फियाला ते पटलं नाही. तिला वाटलं आई काहीतरी जादू लपवतेय. ती आईच्या शेजारी मांडी घालून बसली, आईने ठेवली होती तशीच मान खाली ठेवली, ड्रॅगनच्या पंखावर नजर लावली, आणि आपला डावा हात कानाच्या बाजूला उचलून धरला. बोटं हलवली. हात थोडा पुढे आणला. पुन्हा हलवली. अजून थोडा पुढे. ब्रशच्या टोकाला लाल थेंब जमत होता, मोठा होत होता, आणि शाहिस्ताला तो टिपून घेता येत नव्हता. अल्फियाचा हात नाकाच्या अगदी समोर आला तेव्हा ती थांबली, आणि आईकडे मान पूर्ण वळवून तिने विचारलं,

"अम्मी, न बघता कसं दिसतंय?"